राकस आणि गिऱ्यांच्या लढाईचा खरा इतिहास

आमच्या डोंगराचा इतिहास आता काळ्या ग्रॅनाइटवर सोनेरी अक्षरांत कोरून ठेवलाय, आणि तो साफ खोटा आहे. तसा मुळातला इतिहासही खोटाच होता. तो मी आणि माझ्या दादाने लहानपणी काजीच्या झाडांखाली बसून रचला होता. पण तो आमचा खोटा होता, आणि त्याच्यापायी कोणाचं पाणी गेलं नव्हतं. कोणीतरी शिकलासवरला माणूस आपल्या खोट्याची दुरुस्ती करून त्याचं आणखी मोठं खोटं करतो आणि वर त्याला पॉलिश मारतो, तेव्हा तळपायाची आग मस्तकात जाते. माझी गेलीय, आणि ती अजून उतरलेली नाही.

माझं माहेर पेडणे तालुक्यात, पार्शापासून फार लांब नाही. घरामागे डोंगर, डोंगरावर काजी, आणि पायथ्याशी दगडाच्या फटीतून येणारी झर. त्या झरीच्या पाण्यावर खाली आमचं कुळागर, म्हणजे बागायत, उभं होतं. माड, पोफळी, केळी, मिरवेली, चार जायफळं. डोंगर भाटकाराचा, म्हणजे जमीनदाराचा. कुळागर तेवढं आमचं. काजीच्या दिवसांत सगळा गाव भाटकाराच्या डोंगरावर बिया गोळा करायला जायचा, आणि आम्ही भावंडंही जायचो. टोकाला खिळा ठोकलेली काठी घ्यायची, पडलेलं बोंडू, म्हणजे काजूचं फळ, टोचून उचलायचं, पिरगळून बी वेगळी काढायची आणि बोंडू डब्यात टाकायचं. सकाळपासून दुपारपर्यंत हेच. असल्या कामात डोकं रिकामं राहतं, आणि आमच्या रिकाम्या डोक्यांत राकसांचं राज्य वसलं.

डोंगराच्या वर राकस राहायचे. त्यांची राजधानी म्हणजे सोडून दिलेली चिऱ्याची खाण. अंगाने दांडगे, अकलेने मठ्ठ, आणि भुकेने कायम कासावीस. खाली झरीत आणि कुळागराच्या पाटांत गिरे राहायचे. हे वीतभर उंचीचे, अंगाला शेवाळाचा वास, आणि बेरकी इतके की स्वतःच्या सावलीलाही फसवतील. राकस दादाचे, गिरे माझे. दादा माझ्याहून मोठा, म्हणून डोंगर त्याच्याकडे आणि चिखल माझ्याकडे. तेव्हाही मला राग आलाच होता. पण मी अशी लढले की राकसांना पळता भुई थोडी झाली.

लढाईचं कारण असं. राकसांचा राजा वर्षातून एकदाच आंघोळ करायचा, आणि तीही आमच्या झरीत. पाणी इतकं गढूळ व्हायचं की गिऱ्यांची पोरं महिनाभर शिंकत राहायची. गिऱ्यांनी बोलणी करायला आपला वकील पाठवला. राकसांनी तो खाल्ला. खाल्ल्यावर त्यांना कळलं की हा वकील होता, आणि त्यांनी माफीही मागितली. पण दुसरा वकील आला तेव्हा पुन्हा भुकेची वेळ होती.

पहिली स्वारी राकसांनी केली ती फसली. मोठी फौज निघाली, बरोबर महिनाभराची शिदोरी होती, ती पहिल्याच वळणावर बसून संपवली आणि पोट भरलं म्हणून सगळे घरी परतले. दुसऱ्या स्वारीत त्यांनी वरून चिरे ढकलले. तेव्हा माझ्या गिऱ्यांनी काजीच्या ओल्या बियांच्या सालीतलं तेल पिचकाऱ्यांत भरलं. ते तेल कातडीला लागलं की कसे फोड येतात, हे आमच्या गावातल्या पोरांना सांगावं लागत नाही. सबंध राकससेना अंग खाजवत डोंगर चढून गेली. दादा म्हणाला हा अधर्म आहे. मी म्हटलं, दोन वकील खाल्लेत ते कुठल्या धर्मात बसतं?

मग एका मोसमात दादाच्या पायात त्याच्याच काठीचा खिळा घुसला. पाय सुजला, धावणं बंद. आता सेनापती तोच, त्यामुळे राकसांचा सेनापतीही लंगडा झाला. त्याच मोसमात मोठी लढाई झाली, झर अगदी बारीक झालेली असताना. दोन्हीकडचे तहानेने वेडे झाले होते. राकस हरले आणि पळाले. लंगड्याला पळता आलं नाही. गिरे त्याला मारायला आले तर हा झरीत सुजलेला पाय सोडून बसलेला. म्हणाला, मारायचं तर मारा, पण पाय जरा निवू दे. गिऱ्यांनी वाट पाहिली. वाट पाहता पाहता बोलणं निघालं, आणि बोलण्यातून तह झाला. दगड राकसांचा, पाणी गिऱ्यांचं. राकसांना तहान लागली तर त्यांनी मागून प्यायचं. आणि लंगड्याने झरीवरच्या मोठ्या फातरावर, म्हणजे शिळेवर, बसून दोघांच्या वतीने राखण करायची. झर वाहते आहे तोवर त्याने तिथून हलायचं नाही.

हा तह दादाने केला होता, मी नव्हे. मला आणखी लढायचं होतं. पण मोठेपणी मी मुलांसाठी गोष्टींची पुस्तकं लिहू लागले, आणि इतकी वर्षं लिहूनही त्या तहाइतकं चांगलं काही मला सुचलेलं नाही. पळता आलं नाही म्हणून एकाने समेट केला, ही गोष्ट बारा-तेरा वर्षांच्या मुलाला सुचावी! मी एकदा त्याला म्हटलं, हे लिहू का? तो म्हणाला, "नाका गो. लिवलंस काय तां पुस्तकातला जाता. हांगा आसा तां बरा आसा." म्हणून कागदावर त्यातलं एक अक्षरही कधी उतरलं नाही.

मी लग्न होऊन डिचोलीला आले. दादा खाणीच्या ट्रकवर ड्रायव्हर होता. खाणी बंद पडल्यावर ट्रक गेला, आणि तो कुळागरात परतला. परतला तो पुन्हा बाहेर कामाला गेलाच नाही, ना कुठल्या हॉटेलात ना विमानतळावर. मोपाच्या सड्यावरून विमानं उडायला लागली तेव्हा गावातल्या निम्म्या पोरांनी तिकडे अर्ज केले. दादा म्हणाला, मला पाणी वळवता येतं, तेवढं पुरे. वहिनी, तो आणि झर. त्यांचं सगळं त्यात चाललं होतं. मुलीचं शिक्षणही त्यातच झालं.

आणि अगदी ट्रकवर होता तेव्हापासून काजीच्या दिवसांत तो गोष्टी सांगायचा. आमच्याकडे बिया वेचायला सिंधुदुर्गातून बायका यायच्या. त्यांच्याबरोबर पोरं असायची, गावातलीही जमायची. पोरांना गप्प बसवायला दादा लढाई सांगायचा: आज वकील खाल्ला, उद्या पिचकाऱ्या, परवा लंगडा. ऐकणारी पोरं मोठी झाली, तीही आपापल्या पोरांना सांगू लागली. सांगताना जो तो आपलं काही घालतो आणि नको ते गाळतो. वकील गळाले. राजाची आंघोळ गळाली. गिरे तर पार वाहून गेले, म्हणजे माझी बाजू इतिहासातून साफ! राहिला तो एकटा लंगडा, फातरावर बसलेला, पाण्याची राखण करणारा.

आमच्याकडे राखणदार म्हटलं की देवचार. गावाच्या शिवेवरून फिरणारा, हातात काठी, पायात वहाणा. त्याला लोक विडी देतात, रोट देतात, वहाणा देतात, कारण फिरून फिरून त्याच्या झिजतात. तर एक दिवस दादाचा फोन आला. हसून हसून त्याला बोलता येत नव्हतं. फातरावर कोणीतरी विडी आणि नारळ ठेवला होता. पुढच्या वर्षी कोणाची तरी हरवलेली म्हैस सापडली, आणि त्याने वहाण ठेवली. एकच. लंगडा पाय ओढत चालतो, मग त्या पायातली वहाण झिजणार, दुसरी कशाला वाया घालवा? जोडीतली दुसरी घरी जपून ठेवायची, पुढल्या वेळेला. त्यामुळे फातरावर वहाणांची रांग लागली, सगळ्या एकेकट्या, आणि नीट पाहिलं तर निम्म्या डाव्या आणि निम्म्या उजव्या. देवाला काय कळतंय!

मी म्हटलं, दादा, सांगून टाक त्यांना. तो म्हणाला, "सांगान काय करू? कोणाचा काय वायट जाता?"

खरंच कोणाचं काही वाईट होत नव्हतं. मग भाटकाराच्या परदेशातल्या वारसांनी डोंगर विकला.

घेणारी कंपनी कुठली, हे गावात कोणालाच नीट कळलं नाही. डोंगर कापून वरती बंगले होणार, प्रत्येक बंगल्याला पोहण्याचा तलाव, आणि मोपाहून अर्ध्या तासाची वाट. एक दिवस काजींच्या बुंध्यांना लाल रिबिनी बांधलेल्या दिसल्या. दादाने मला बोलावून घेतलं. आयुष्यात त्याने मला स्वतःहून बोलावलं असं ते एकदाच. डोंगर कापला की झर जाणार, आणि झर गेली की कुळागर गेलं. हे समजायला इंजिनियर लागत नाही. पाणी डोंगराच्या पोटातून येतं. पोट फाडल्यावर कुठून येणार?

शाळेच्या हॉलमध्ये ग्रामसभा झाली. प्लास्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या, निम्मे लोक मोबाइलमध्ये. दादा बोलायला उभा राहिला. तो सभेत बोलणारा माणूस नव्हे. शब्द चाचपडत होता. पण पाणी कसं येतं, कुठल्या महिन्यात किती येतं, खाली कोणाकोणाच्या विहिरींना त्याचा ओलावा पुरतो, हे त्याने सगळं सांगितलं. ज्यांच्या विहिरी त्याने सांगितल्या ते लोक समोर बसलेले होते. एकाने जांभई दिली. पंचायतीतला एक जण म्हणाला, "नळाचा पाणी येता मरे घराघरांत. झर कित्याक जाय?" म्हणजे झर हवीच कशाला! दुसरा म्हणाला, पोरांना कामं मिळतील, माळी लागतील, वॉचमन लागतील. म्हणजे आपल्याच डोंगरावर वॉचमन! कोल्हा काकडीला राजी, तसा गाव या नोकऱ्यांना राजी. मी उठून बोलू लागले तर मला ऐकवलं की तू डिचोलीची, इथली मतदार नव्हेस.

सभा उठणार एवढ्यात मागच्या रांगेतून एक म्हातारी बोलली. "डोंगर काडतत तो काडूंदी. पण लंगड्याचा काय?"

मोबाइल खिशात गेले. जांभई देणारा ताठ बसला. लंगड्याचा फातर हलवणार? राखणदाराला हलवलं तर गावावर काय येईल ठाऊक आहे? मघाशी नळाची गोष्ट करणारा आता टेबलावर मूठ आपटत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी जेसीबी आला तेव्हा निम्मा गाव त्याच्या वाटेवर बसलेला होता. बायकांनी भजनं सुरू केली. कोणीतरी पोदेराला, म्हणजे पाववाल्याला, थांबवून सगळ्यांसाठी उंडे घेतले, कोणी चहा आणला.

मला आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही, नाही म्हणत नाही. पण त्याहून जास्त चीड आली. जिवंत माणूस पाण्यासाठी तोंड फाडून सांगत होता तेव्हा यांना जांभया येत होत्या. झरीवर जगणारी माणसं, कुळागरं, विहिरी, यातलं काही यांना दिसलं नाही. आणि आम्ही दोघांनी बोंडवं वेचताना काढलेला एक पाय सुजलेला राकस, त्याच्यासाठी मात्र हे लोक यंत्रासमोर झोपायला तयार! वहिनी मला म्हणाली, "जाऊंदी गो. आपणांक डोंगर वाचल्याशी कारण." दगडापेक्षा वीट मऊ, असं म्हणून मीही गप्प राहिले. दादा बायकांच्या मागे उभा होता. तो हसत नव्हता.

काम थांबलं, आणि मग कंपनीचा माणूस आला. तो कोणी परका असता तर बरं झालं असतं. हा आमच्याच बाजूचा, आमचीच बोली, पांढरा शर्ट, कपाळाला टिळा. डोंगराच्या पायथ्याशी त्याने बूट काढले आणि अनवाणी चढला. फातरापुढे नारळ ठेवला, डोळे मिटून हात जोडले, आणि उघडले तेव्हा डोळ्यांत पाणी. "मामांनू, काकींनू," तो म्हणाला, "राखणदाराक उपाशी ठेवन आमका काय करूचा नाय. तुमी म्हणशात तसा. आपण देवाक इचारूया." लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. किती चांगला माणूस! शिकलेला असूनही किती आपला!

आमच्याकडे अवघड गोष्ट ग्रामदेवतेला विचारतात. मूर्तीला ओल्या पाकळ्या लावायच्या, गुरवाने प्रश्न घालायचा, आणि उजवीकडची पाकळी पडली तर हो, डावीकडची पडली तर नाही. यात मी कधी तोंड घातलेलं नाही. माझ्या लग्नालाही उजवी पडली होती. देवळात सगळा गाव जमला. मी आणि वहिनी बायकांच्या बाजूला. गुरवाने पाकळ्या लावल्या, आणि कंपनीच्या माणसाने त्याच्या कानाशी लागून प्रश्न सांगितला. गुरव मोठ्याने म्हणाला, "बा देवा, लंगड्या राखणदाराची घुमटी कंपनीच्या गेटीकडे बांदूची आसा. तोंड उगवतेक करूचा आसल्यार उजवी दी, मावळतेक करूचा आसल्यार डावी दी."

मी ऐकलं, आणि मला वाटलं माझंच काहीतरी चुकतंय. मग मी आजूबाजूला पाहिलं. सगळे हात जोडून पाकळ्यांकडे बघत होते. उजवी पडो की डावी, घुमटी, म्हणजे छोटं देऊळ, होणार ते गेटपाशीच! डोंगर कापायचा की नाही, हे देवाला कोणी विचारलंच नव्हतं. दोन्ही पाकळ्या कंपनीच्या खिशात, आणि गाव श्वास रोखून बसलेला.

मी उभी राहिले. म्हटलं, प्रश्न असा घालायचा नसतो. आधी विचारा, डोंगर कापलेला चालेल का? गुरव वर बघेना. एका वयस्क गावकाराने, म्हणजे गावच्या मानकऱ्याने, मला म्हटलं, "बाये, देवाच्या कामात तोंड घालू नको." मी म्हटलं, देवाच्या नव्हे, मी कंपनीच्या कामात तोंड घालतेय. देवळात कुजबुज झाली. कंपनीचा माणूस हात जोडून माझ्याकडे हसून बघत होता, आणि ते हसणं बघून माझा तोल गेला.

"लंगडा आमचा आहे," मी ओरडले. "मी आणि दादाने तो रचलाय. बिया वेचताना. दादाच्या पायात खिळा गेला म्हणून तो लंगडा. राखणदार नाही, देवचार नाही, कोणी नाही. तिथे आहे ती फक्त झर, आणि तिच्याबद्दल विचारा!"

कोणी रागावलं असतं तर परवडलं असतं. त्यांना माझी कीव आली. ग्रामसभेतली ती म्हातारी माझ्या जवळ आली आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "तुमी रचलास? गे बाये, माझ्या आवशीन तेका बगलेला. पाय ओढीत चललो होतो." तिची आई वारली तेव्हा आम्ही दोघं जन्मालाही आलो नव्हतो! आता याच्यावर काय बोलणार? कंपनीचा माणूस हळूच म्हणाला, "ताई बरवपी आसात. बरवप्यांक दिसता सगळा आपणेच केला." बरवपी म्हणजे लिहिणारी. लोक हसले. मग सगळ्यांच्या माना दादाकडे वळल्या.

दादा खांबाला टेकून उभा होता. त्याने हो म्हटलं असतं तर निदान मी वेडी ठरले नसते. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि एवढंच म्हटलं, "गप रव गो."

मी देवळातून निघून आले. उजवी पडली असं मागून कळलं. घुमटीचं तोंड उगवतीला.

घरी मी दादाशी भांडले. वहिनीने मला पेज वाढली, ती मी बाजूला सारली. तो म्हणाला, "तुज्या खऱ्यान डोंगर वाचतलो होतो?" मी म्हटलं, तुझ्या खोट्याने तरी कुठे वाचला? तो उठून झरीकडे गेला. आणि मला त्याच्यावर रागवायचं नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. पण ज्यांच्यावर रागवायचं होतं ते समोर नव्हते, आणि असते तरी त्यांना फरक पडला नसता.

घुमटी झाली. संगमरवर, पितळी घंटा, विजेची माळ. फातर फोडून त्याचा एक तुकडा आत बसवला, बाकीचा पायाभरणीत गेला. गावजेवण झालं. कालपर्यंत जेसीबीसमोर भजनं म्हणणाऱ्या बायकांनी तिथेही भजनं म्हटली, तीच. आणि मग पाऊस संपल्याबरोबर डोंगर कापायला सुरुवात झाली. काजी आडव्या झाल्या. पुढच्या पावसात लाल चिखल कुळागरात उतरला, पाट बुजले, जायफळं मेली. झर सुरुवातीला गढूळ झाली, मग बारीक, आणि शिगम्याच्या, म्हणजे होळीच्या, आधीच थांबली. पूर्वी ती मे महिन्यातही कधी थांबली नव्हती. दादा रोज तिथे जाऊन फटीत हात घालून बघायचा. वहिनीने मला हे फोनवर सांगितलं आणि म्हणाली, तू येऊ नकोस, तुला बघवणार नाही. मी गेले. पोफळींचे शेंडे पिवळे पडले होते, आणि कंपनी गावाला टँकरचं पाणी देत होती. टँकरवर लिहिलं होतं: सौजन्य.

त्याच फेरीत तो कंपनीचा माणूस मला भेटायला घरी आला. हो, घरी! वहिनीने त्याला पाणीही दिलं, टँकरचं. घुमटीपाशी एक शिळा लावायची होती, तिथल्या पुरातन युद्धाचा इतिहास लिहायचा होता. बंगले घेणाऱ्यांना असलं आवडतं. आणि ताईंशिवाय गावात लिहिणारं कोण? देवळात ज्याने मला सगळ्यांपुढे हसण्यावारी नेलं, तोच मला बरवपी म्हणून घ्यायला आलेला. मी त्याला हाकलणार होते. पण दादा आतून म्हणाला, "बरय. जाला तसा बरय." म्हणजे लिही, झालं तसं लिही.

मी लिहिलं. राकस आणि गिरे यांच्यात या झरीसाठी मोठी लढाई झाली. शेवटी तह झाला. झर वाहती असेतो सेनापती येथून हलणार नाही, असे ठरले. आता झर वाहत नाही.

कंपनीचा माणूस वाचून म्हणाला, सुंदर आहे ताई, फक्त शेवटची ओळ जरा पॉझिटिव्ह करा. मी नाही म्हटलं. त्याने दुसऱ्या कोणाकडून तरी लिहून घेतलं. आता शिळेवर असं आहे की प्राचीन काळी इथे राकसांचं राज्य होतं, आणि लढाईला कंटाळलेल्या त्यांच्या शूर सेनापतीने हा रम्य डोंगर सज्जनांच्या हाती राजीखुशीने सोपवला व त्यांना आशीर्वाद दिला. सज्जनांच्या! मी एकदाच वाचलं. अक्षरं मात्र छान कोरलीत, शुद्धलेखनाची चूक नाही.

पण लोकांनी ते वाचलं, आणि आमच्या लोकांना दगडावर लिहिलेलं लगेच पटतं. शिगम्याला मांडावर, म्हणजे जिथे सगळा गाव जमून खेळ सुरू करतो त्या जागेवर, मी दादाच्या मागे उभी होते. सकाळची वेळ, ऊन चढत होतं. खेळाआधी गावकार गाऱ्हाणं घालतो. गावातल्या एकेका देवाला, एकेका राखणदाराला हाक मारून तो मागणं मागतो, आणि प्रत्येक मागण्याला सगळा गाव एका आवाजात होकार देतो. बा देवा म्हाराजा, सगळ्यांक सुखी ठेव. व्हय म्हाराजा! पोराबाळांक संबाळ. व्हय म्हाराजा! लहानपणापासून ऐकते आहे. तो आवाज अंगातून जातो, आणि विश्वास असो वा नसो, तोंडून व्हय निघतंच.

देवळाच्या बाजूचे सगळे झाले, मग शिवेवरचे. मग गावकार म्हणाला, "बा लंगड्या म्हाराजा, तुया आपलो डोंगर राजीखुशीन दिलंस, तशीच तुजी किरपा ह्या गावार आसूंदी."

"व्हय म्हाराजा!" सगळा गाव म्हणाला. सवयीने माझंही तोंड उघडलं होतं.

आणि त्या आवाजाच्या मागोमाग, एकट्याचा, दादाचा आवाज आला. मोठा नव्हता, पण मांडावर सगळ्यांनी ऐकला.

"नाय म्हाराजा."

गाऱ्हाण्यात नाय म्हणतात, हे त्या दिवसापर्यंत कोणी ऐकलेलं नव्हतं. गावकाराच्या हातातला नारळ तसाच राहिला. ढोलवाले बघत राहिले. वहिनीने दादाचा हात धरला, त्याने तो सोडवून घेतला. गावकार म्हणाला, "असा म्हणू नये रे." त्याने दादाला सावरून घ्यायला वेळ दिला, बराच. मग तेच वाक्य पुन्हा म्हटलं, राजीखुशीन दिलंस, आणि थांबला.

ज्यांच्या विहिरी त्या वर्षी आटल्या होत्या ते सगळे तिथेच उभे होते. कोणी व्हय म्हटलं नाही. दादाने मात्र आणखी एकदा म्हटलं, नाय म्हाराजा, आणि या वेळेस मीही म्हटलं.